लाईट नव्हती

२ सप्टेंबर २०२४, सोमवार. धानोरा

ही डायरी बँकेची. सायमा लग्न होऊन गडचांदूरला गेली तेव्हा म्हणाली होती, "अब्बा, दिवसभर बोलता त्यातलं थोडं लिहून ठेवा." आठ महिने कोरी पडली. आज उघडली, कारण आज कोसमटोल्याची भरडाई मशीन माझ्या हाताने चालू झाली.

बत्तीस वर्षांत या तालुक्यातल्या निम्म्या घरांत मी उजेड नेला. शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं कानाने शिकलो. मोटरीच्या अंगावर स्क्रूड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं की बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, लगेच सांगतो. लोक म्हणतात वहाब मिस्त्रीच्या कानात मीटर बसवलाय. म्हणू देत, धंद्याला बरं असतं.

मशीन गावातल्या बायांच्या गटाची. अध्यक्ष बुधरीबाई, पन्नाशीच्या, हातभर बांगड्या आणि त्याहून मोठा आवाज. मशीन चालवणार त्यांची सून रंजीता, बारावी पास. नवरा सुकलू सिमेंटच्या कारखान्यात गडचांदूरला, म्हणजे माझ्या सायमाच्या गावातच, असं कळल्यावर मी उगाच नातं जोडून टाकलं.

अर्थिंगचा खड्डा खणायला घेतला तर दोन हातांवर खडक. बुधरीबाईंचे यजमान जंगूभाऊ सब्बल मारून दमले. मी म्हटलं, राहू द्या. सॉकेट उघडलं, दोन इंच तार कापली, न्यूट्रलच्या खुंटीवरून अर्थच्या खुंटीला जोडून दिली. उस्तादांनी पहिल्या महिन्यात शिकवलेलं. न्यूट्रल खांबापाशी जमिनीतच जातो, मग इथे वेगळी जमीन कशाला शोधायची? हजार ठिकाणी असंच केलंय.

मशीनसोबत एक ट्रिपचा डबा आला होता, करंट गळला की खटका पाडून लाईट तोडणारा. तो तीनदा पडला. चौथ्यांदा पडल्यावर काढून जंगूभाऊंच्या हातात दिला. म्हटलं, "कंपनीचा माल खराब आहे. तुमच्या नातीला खेळायला द्या."

मशीन सुरू झाली तशा बाया हसायला लागल्या. बुधरीबाई ओरडल्या, "वहाबभाऊ, आता माह्या मुसळाले सुट्टी!"

५ सप्टेंबर

रहमतबीची नेहमीची तक्रार. "फ्रिज ने फिर काटा मेरे को." मी म्हटलं, चप्पल घालून उघड. बत्तीस वर्षं वायरमनची बायको, अजून साधं कळत नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

रंजीताचा फोन आला म्हणून कोसमटोल्याला गेलो. म्हणाली, मशीन चावते.

"म्हंजे?"

"हात लावला की मुंग्या येतात. ओलं असन त जास्त."

मी पाहिलं. जमीन शेणाने सारवलेली, पावसाची ओल, बाया सगळ्या अनवाणी. चपला दाराबाहेर रांगेत. मी म्हटलं, "बुधरीबाई, चपला घालून काम करा ना. सगळी भानगड मिटते."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "धानाच्या जागी चप्पल? तू जातं का मशिदीत चप्पल घालून?"

बाया खो-खो हसल्या. मीही हसलो. म्हटलं, मग कोरडं फडकं ठेवा हाताशी.

रंजीता हसली नव्हती. "पण भाऊ, मशीनच्या अंगावर करंट येते त येते कुठून?"

"थोडीफार येतेच, बाई. मोठी मशीन आहे."

उत्तर तिला पटलं नाही, हे मला दिसलं. पोरगी हुशार आहे. असे प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं मला आवडत नाहीत, असंही वाटलं. लिहितोच आहे तर खरं लिहितो.

निघताना खांबाखाली उभा राहिलो. वरून बारीक चिरचिर येत होती, कढईत मोहरी टाकल्यासारखी. मशीनच्या लायनीचा वरचा जोड मीच पिळून दिला होता, क्लॅम्प संपले होते त्या दिवशी. पुढच्या खेपेला क्लॅम्प नेऊन पक्का करायचा. शिडी आज नव्हती.

वाटेत गावचे गायता दसरूभाऊ भेटले. देवाचं, पंडुमाचं म्हणजे सणाचं सगळं तेच पाहतात. म्हणाले, "मशीन चांगली आहे. फक्त नव्या धानाचा पंडुम होयेपर्यंत नवं धान त्यात नको जाऊ देजो. आधी देवाले, मंग आपल्याले." मी म्हटलं, तुमचा नियम, तुम्हीच सांगा सुनेला. "सांगतलं," म्हणाले. "हाव म्हणते. पण आजकालचं हाव!" आणि हसले.

२३ सप्टेंबर, सोमवार

बुधरीबाई गेल्या.

काल दुपारी, मशीनपाशी. सकाळी दुकानात एक जण सांगत आला. मी हातातला पंखा खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "लाईट होती?"

"नाई जी. लाईट गेली होती. मशीन बंद होती. बंद मशीनले हात लावला आन् पडली."

मला बरं वाटलं. माणूस गेल्याची खबर ऐकून मला आधी बरं वाटलं, आणि मग वाईट. हा क्रम कुणाला दिसला नाही. मी पाहिला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

कोसमटोल्याला जाऊन आलो.

कसं झालं ते रंजीताने जमिनीकडे बघत सांगितलं. तीन घरांतलं जुनं धान संपलं होतं. लेकरं दोन दिवस नुसत्या कंदावर. हलकं, लवकर पिकणारं नवं धान कापून आलेलं होतंच. ती सासूला म्हणाली, एक टोपली भरडून टाकू, देवाला माहीत आहे आपली अडचण. बुधरीबाई आधी नाही म्हणाल्या, मग हो. चालता चालता मशीन आपोआप थांबली, वरचा बल्ब गेला. "लाईट गेली," बुधरीबाई म्हणाल्या, आणि मशीनच्या तोंडात अडकलेलं धान मोकळं करायला हात घातला. "आवाजसुद्धा नाई केला," रंजीता म्हणाली. "माह्या सासूनं कधी आवाज न करता काई केलं का?"

दवाखान्यात न्यायला वेळच नव्हता. पोलिसात कोणी गेलं नाही.

चिंचेखाली सगळे बसले होते. दसरूभाऊंनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला आठवून आठवून लिहावंसं वाटतं. म्हणाले, "वहाबभाऊ, लोक म्हणतात नवं धान पंडुमाच्या आधी घातलं म्हणून झालं. मी घाईनं बोलणारा नाई. तू वायरमन आहेस. तूच सांग, करंटनं झालं का? लाईट होती का?"

सगळी तोंडं माझ्याकडे. जंगूभाऊसुद्धा बघत होते. डोळे लाल, पण वाट पाहणारे.

मी म्हटलं, "लाईट नव्हती."

दसरूभाऊंनी मान हलवली. दोन-चार म्हातारे हळू बोलले. ठरलं ते असं. रंजीताने माहेरी जायचं. पंडुम ४ तारखेला. त्यानंतर कुळ बसेल आणि ठरवेल की ती या घरात परत नवं अन्न शिजवू शकते की नाही. चार वर्षांची पोर इथेच, जंगूभाऊंकडे. सुकलू कालच गडचांदूरहून आला होता. बायकोच्या बाजूला बसला नव्हता, बापाच्या बाजूला बसला होता.

रंजीताने डोकं वर केलं नाही. एकदा फक्त पोरीला म्हणाली, "आजाजवळ राहजो, मी येतो."

आता हे. बैठक चालू असताना मागे दोन बाया कुजबुजत होत्या. गोंडीतून बोलत होत्या, पण मला समजतं. एक म्हणाली, "माझ्या घरी तर पंखा चालूच होता त्या वेळी." दुसरी म्हणाली, "चूप."

पंखा चालू होता. म्हणजे गावात लाईट होती. फक्त मशीनचीच गेली होती.

मी वळून पाहिलं नाही. निघताना खांबाखाली थांबलो. चिरचिर नव्हती. काहीच आवाज नव्हता.

२६ सप्टेंबर

दुकानात दोन गिऱ्हाइकं परत पाठवली. जोड तुटला असेल तर मशीन बंद पडेल. बंद मशीन मारत नाही. वाइंडिंग उघडं असेल तर? नाही, मोटर मी ऐकली होती, स्वच्छ होती. बाईंना आधीच काही दुखणं असेल. या वयात असतं. बारा गावं रोज चालणारी बाई. नाही, असं दुखणं नसेल.

आज एवढंच.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

नमाजहून आलो आणि जेवणाआधी हे केलं.

घरातल्या बोर्डातून फ्रिजच्या लायनीचा न्यूट्रल सोडवला. फक्त न्यूट्रल. फ्रिज गप्प झाला, आतला दिवा गेला. बटण चालूच. मग टेस्टचा बल्ब घेतला, एक तार फ्रिजच्या दाराला, दुसरी अंगणातल्या हातपंपाच्या पाइपाला.

बल्ब पेटला.

आमच्या फ्रिजच्या सॉकेटमध्येही दोन इंच तार आहे. मीच जोडलेली, घर बांधलं तेव्हा. फेज मोटरीतून येते. परत जायला न्यूट्रल नसला की ती त्या दोन इंचांवरून मशीनच्या अंगावर उतरते आणि तिथे थांबते. कोणी हात लावायची वाट बघत. मशीन बंद, बल्ब बंद, आणि अंगावर पूर्ण दोनशेतीस व्होल्ट. खांबापाशी जमीन असते हे उस्तादांनी सांगितलं होतं. खांबापर्यंतची वाट तुटली तर काय, ते सांगितलं नव्हतं. त्यांना ठाऊक नसेल. मला ठाऊक करून घ्यायला बत्तीस वर्षं होती.

रहमतबी दारात उभी होती. ताट हातात.

"ये तो बंद है ना?"

"हाँ, बंद है."

"फिर बल्ब कैसे जला?"

मी बल्बची तार दारावरून काढली. तिने ताट खाली ठेवलं. म्हणाली, "उस बाई को भी तूने चप्पल बोला था क्या?"

मी हो म्हटलं.

"मेरे को भी चप्पल बोला था."

तो ट्रिपचा डबा. चारदा पडला तो खराब नव्हता. करंट अंगावर जातोय, हे तो सांगत होता. मी कान तिखट असलेला माणूस, तो डबा मी जंगूभाऊंच्या नातीला खेळायला दिला.

२८ सप्टेंबर

रहमतबीने फ्रिजचा प्लग काढून टाकलाय. दूध नासलं. तार काढून टाकली, आता चालव म्हटलं, तर ऐकत नाही. "पहले उधर जा."

१ ऑक्टोबर, मंगळवार

अजून गेलो नाही. कारणं लिहितो, नंतर वाचून लाज वाटावी म्हणून. एक, लायसन जाईल. दोन, तालुक्यात कोणी दारात उभं करणार नाही. तीन, सांगून बुधरीबाई परत येणार नाहीत. तिसरं कारण सगळ्यांत जास्त वेळा मनात येतं, कारण ते ऐकायला चांगलं वाटतं.

दुपारी रंजीता दुकानात आली. माहेराहून बसने, एकटी. बाकावर बसली नाही.

"वहाबभाऊ, मी विचारलं सगळ्यायले. त्या वेळी शेजारच्या तिन्ही घरी लाईट होती. आमच्याच मशीनची गेली. हे तुमाले माहीत होतं का?"

"नंतर कळलं."

"मंग बंद मशीननं सासू मेली कशानं?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, होल्डर मागत. मी त्याला होल्डर दिला. दोन वेगवेगळे दाखवले. मग म्हटलं, "पाहतो, बाई. पाहून सांगतो."

"माही पोर रोज संध्याकाळी रस्त्यावर येऊन बसते म्हणे," एवढं बोलली. मग बस लागल्याचा हॉर्न ऐकू आला, तशी गेली. चप्पल घासत चालत होती, एक पट्टा तुटलेला. तो आवाज मला स्टँडपर्यंत ऐकू आला. एवढे चांगले कान कशाला दिले असतील मला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो.

सकाळी सातला कोसमटोल्यात होतो. पंडुमाची तयारी चालू होती. नवं धान टोपल्यांत, पानांचे द्रोण रचलेले. दसरूभाऊ आंघोळ करून ओल्या केसांनी बसले होते. मी म्हटलं, "पूजेच्या आधी मला अर्धा तास द्या. मशीनपाशी सगळे या. हात कोणी लावू नका."

"आज?" ते म्हणाले.

"आजच. पूजा झाल्यावर कुळ बसणार ना?"

आले. मी चपला बाहेर काढायला वाकलो, मग थांबलो. म्हटलं, आज मला बूट घालून आत जाऊ द्या, त्याचं कारणही दाखवतो. मी रबरी बूट घालून आत गेलो.

खांबावरचा न्यूट्रलचा जोड तुटलेलाच होता, कोणी हात लावला नव्हता. मी मेन टाकला, मशीनचं बटण दाबलं. मशीन गप्प. वरचा बल्ब काळा.

"लाईट आहे का?" मी विचारलं.

"नाई," दोघं-तिघं म्हणाले.

दारातल्या ओल्या मातीत सळई ठोकली, टेस्टच्या बल्बची एक तार सळईला, दुसरी मशीनच्या तोंडाला लावली. तिथेच, जिथे बुधरीबाईंनी हात घातला होता.

बल्ब पेटला तेव्हा मागे कोणीतरी श्वास घेतला. तेवढाच आवाज.

मी सॉकेट उघडून तार दाखवली. ही मी लावली. हिच्यामुळे. वरचा जोड मी पिळला, पक्का केला नाही. मशीन चावते म्हणून सुनेनं सांगितलं होतं, मी चप्पल घाला म्हणालो. धानाचा यात काही संबंध नाही. सगळं एका दमात बोललो, नाहीतर थांबलो असतो.

जंगूभाऊ मशीनकडे बघत होते. म्हणाले, "बंद होती न?"

"मशीन बंद होती. अंगावर चालू होतं."

दसरूभाऊ माझ्याजवळ आले. "मी तुले त्या दिवशी विचारलं होतं."

"हाव."

"तू म्हणाला, नव्हती."

"हाव."

"तवा तुले हे माहीत होतं?"

"तेव्हा नव्हतं. पण शेजारी पंखा चालू होता, हे कानावर आलं होतं. मी विचारलं नाही."

मग म्हणाले, "आमी तुह्या बोलण्यावर पोरीले धाडलं, वहाब." भाऊ नाही म्हणाले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

वळून त्यांनी सुकलूला सांगितलं, "जा. तिले घेऊन ये. ती येयेपर्यंत पंडुम नाई. नवं धान थांबन."

टोपल्या तशाच झाकून ठेवल्या. सुकलू गाडी काढायला गेला. गाडीची किक चार वेळा बसली नाही. कोणी हसलं नाही.

जंगूभाऊ मला गावाबाहेरपर्यंत सोडायला आले. का आले, मला माहीत नाही. वळणावर म्हणाले, "पोलिसात मी जाणार नाई. तुले जायचं असन त तू जा."

सोमवारी जातो. इथे लिहून ठेवलं म्हणजे जावं लागेल.

६ ऑक्टोबर, रविवार

काल पंडुम झाला. मला बोलावणं नव्हतं, ते बरोबर होतं. आज हत्यारं, अर्थिंगच्या सळया, कोळसा, मीठ, नवे ट्रिपचे डबे घेऊन गेलो. खडक तर खडक. गावाच्या खालच्या अंगाला ओढ्याजवळ माती खोल आहे, तिथून तार ओढता येते. हे दोन सप्टेंबरलाही मला दिसलं असतं. दमलो होतो, भूक लागली होती, आणि बाया वाट बघत होत्या.

गावात शिरताना आधी आवाज आला. उखळात मुसळ. एका घरात, मग दुसऱ्या, मग पलीकडच्या. मशीनच्या खोलीच्या दाराला बाहेरून काटी लावलेली.

रंजीता अंगणात होती. पोर तिच्या लुगड्याला धरून, एक क्षण सोडत नव्हती. मी काय बोलायचं ते वाटेत जुळवून नेलं होतं.

ती म्हणाली, "दहा दिवस."

"हाव, बाई."

"माह्या पोरीनं दहा दिवस कोणाच्या हातचं नीट खाल्लं नाई."

तिने मुसळ भिंतीला टेकवलं, हात पुसले आणि हात पुढे केला. मला वाटलं, माझी पिशवी मागतेय. तिला स्क्रूड्रायव्हर पाहिजे होता.

"कसं उघडायचं, दाखवा."

मेन आधी बंद करायचा. मग टेस्टर लावून पाहायचं. मग टेस्टरवरही विश्वास ठेवायचा नाही, बल्ब लावून पाहायचं. मग दोन स्क्रू. मी सांगत गेलो, ती करत गेली. मशीनच्या सॉकेटमधून तार तिने स्वतः काढली. लहानशी, लाल, टोकं चकाकणारी. बराच वेळ तळहातावर ठेवून बघितली. मग पदराच्या टोकात बांधली.

"आमच्या गावात असे अजून किती?"

मी म्हटलं, जिथे जिथे मी तीन पिनांचं सॉकेट लावलं, तिथे तिथे.

ती पुढे चालायला लागली. पोर तिच्या कडेवर, मी मागे पिशवी घेऊन. पहिल्या घरी बाईने मला पाणी दिलं नाही. दुसऱ्या घरी रंजीताला दिलं, मला नाही. तिसऱ्या घरी तोच पंखा होता, त्या दिवशी चालू असलेला. त्याच बाईने दार उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे, आणि दोघांनीही मान खाली घातली. टीव्हीच्या सॉकेटात तार होती. आटाचक्कीच्या सॉकेटात होती. दसरूभाऊंच्या घरी पाण्याच्या मोटरीला होती. त्यांची म्हातारी रोज पहाटे ओल्या हाताने ती चालू करते.

त्या घरानंतर रंजीता मला काही विचारेनाशी झाली. स्क्रू मी खोलायचे, मेन तिने बंद करायचा, असं न बोलता ठरून गेलं. सातव्या घरी मी तार काढली तेव्हा ती दाराकडे तोंड करून उभी होती, पोरीचे केस सावरत. तिने मागे न बघता हात पसरला. मी तार त्या हातावर ठेवली.